घोरणे व इतर मिळकत यांची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, धंदा गादीकाम व सोफ्यांची मढवणी, राहणार कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, हे लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे, हात थरथरत नाही आणि काय लिहीत आहे ते मला नीट कळते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दाब म्हणावा तर एकच, झोपेत मास्कमधून नाकात शिरणाऱ्या हवेचा, आणि तोही डॉक्टरांनी ठरवून दिलेला. वकिलांनी आणलेल्या कच्च्या मजकुरात "मानवी जीवन क्षणभंगुर असल्याने" असे वाक्य होते. ते मी खोडले. पुढच्या आठवड्यात माझ्या गळ्याची शस्त्रक्रिया आहे, म्हणून हे लिहिले जात आहे. खरे कारण हाताशी असताना शोभेचे कशाला?

यापूर्वी केलेले मृत्युपत्र या लिखाणाने रद्द समजावे. त्यात सगळे बहीण व पुतण्या या दोघांत निम्मे निम्मे वाटून मी एका पानात काम उरकले होते.

वाचणाऱ्याचा गोंधळ नको म्हणून माणसे आधी सांगते. धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण. तिचा नवरा वारल्यापासून ती माझ्याकडे असते. पुतण्या म्हणजे माझ्या वारलेल्या भावाचा मुलगा. कारखाना आता तोच बघतो. वहिनी म्हणजे त्याची आई, राहणार मागच्या गल्लीत. मला मूलबाळ नाही. नवरा होता, त्याचे कलम वेगळे आहे.

कलम पहिले : कारखाना.

तळमजल्यावरचा कारखाना, त्यातील दोन्ही शिलाई मशिनी, लाकडी सांगाडे, फोमचे तुकडे, रेक्झिनचे ताके आणि वडिलांचे लांब टेबल पुतण्याला द्यावे. दाभणे, मोठी कात्री आणि चुंबकी हातोडीही त्याचीच. हातोडीला चुंबक असते ते बारीक खिळे उचलायला. या खिळ्यांना आमच्यात चुका म्हणतात. वडिलांनी मला मूठभर चुका तोंडात धरून जिभेने एकेक पुढे सरकवायला शिकवले आणि मी आयुष्यभर तसेच काम केले. गळ्यात गाठ निघाली तेव्हा मला आधी त्या चुकाच आठवल्या. गाठ तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मान हलवून "त्याचा काही संबंध नाही" असे सांगितले. तरी पुतण्याने चुका वाटीत ठेवूनच काम करावे. ही अट नव्हे, विनंती आहे.

कोपऱ्यातली जागा असल्याने तिच्यावर बऱ्याच जणांचा डोळा आहे. विकायची की नाही ते पुतण्याने ठरवावे. विकलीच तर टेबल आधी बाहेर काढावे. ते दारातून निघत नाही. वडिलांनी ते आतच जोडले होते, त्यामुळे पाय सोडवावे लागतील.

कलम दुसरे : नवरा.

त्याला काही नाही. तो मागणारही नाही, पण लिहिलेले बरे. लग्नानंतर काही दिवसांतच त्याने आपले अंथरूण पॅसेजमध्ये नेले, तिथून स्वयंपाकघरात, आणि तिथून आईच्या घरी. सासूने मला निरोप पाठवला की बाईच्या जातीला असे घोरणे शोभत नाही. मी उलट निरोप पाठवला की मला ऐकू येत नाही, त्यामुळे शोभते की नाही ते मी सांगू शकत नाही. मग ते घर सोडून मी सरळ कारखान्यात आले आणि वडिलांनी काही न विचारता कात्री हातात दिली. त्याने पुढे दुसरे लग्न केले. ती बाई अजिबात आवाज करत नाही असे ऐकते. सुखी राहोत.

कलम तिसरे : वरचे मास्तर.

सर्वांत वरच्या मजल्यावर निवृत्त कवायत-शिक्षक भाड्याने राहतात. ते हयात असेपर्यंत त्यांना कोणी उठवू नये व भाडे वाढवू नये. माझ्या घोरण्याने त्यांची झोप मोडली की ते काठीने जमीन ठोकत, आणि सकाळी जिन्यात भेटले की "काल मालगाडी उशिरा आली" असे म्हणत. या अपमानापोटी मी त्यांचा जिन्यातला दिवा बरेच दिवस दुरुस्त करून दिला नाही. आता दिला आहे. त्यांना वस्तू म्हणून काही ठेवता येत नाही, कारण ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत. हे मी मुद्दाम केले असे त्यांनी समजू नये.

कलम चौथे : हवेचे मशीन, आणि त्याची हकिगत.

हकिगत लिहिल्याशिवाय पाचवे कलम कोणाला कळणार नाही, म्हणून ती इथे सांगते.

धाकटीचा नवरा झोपेत गेला. भांडण नाही, आजार नाही, खोकलासुद्धा नाही. सकाळी ती त्याच्या शेजारून उठली, चहा करून त्याच्या उशाशी ठेवला, खिडक्या उघडल्या, झाडलोट केली. चहा निवला म्हणून त्याला रागावली. मग पांघरूण ओढायला गेली. ती हे सगळे एकदाच बोलली, नंतर कधी नाही. ती माझ्याकडे आली तेव्हा तिचे डोळे खोल गेले होते, झोपेचे नाव नव्हते. माझ्या खोलीत दुसरी खाट टाकली. पहिल्याच रात्री ती गाढ झोपली. सकाळी मला म्हणाली, "ताई, तू घोरतेस ना, ते किती बरं वाटतं गं." असे मला जन्मात कोणी म्हटले नव्हते. त्या दिवशी मी तिला कामातून वेळ काढून नवी गादी शिवून दिली.

अशी काही वर्षे गेली. मग मला दिवसा झोप यायला लागली. गिऱ्हाईक बोलत असताना मान पडायची. एकदा शिलाई मशीनवर बसल्या बसल्या डोळा लागला आणि सुई नखातून आरपार गेली. पुतण्याने रुमाल बांधून मला दवाखान्यात नेले. बोटाचे काम झाल्यावर तिथल्या डॉक्टरांनी झोपेची तपासणी करायला लावली. झोपेत माझा श्वास अडकतो, थांबतो, मग धक्क्याने सुरू होतो, असे त्यात निघाले. त्यांनी हवेचे मशीन लिहून दिले. नाकावर मास्क, त्याला नळी, आणि नळीतून सतत येणारी दाबाची हवा, म्हणजे गळा मिटत नाही.

मशीन आले आणि मी माणसात आले. डोके हलके झाले, हाताला काम सुधरू लागले. मास्तरांनी जिन्यात थांबवून विचारले, "बाई, गावाला गेला होता का?" घरात सगळ्यांना बरे वाटले. फक्त धाकटी पुन्हा वाळायला लागली. तिला नवऱ्याची आठवण येत असेल असे आम्ही धरून चाललो. विचारले कोणीच नाही.

थोड्याच काळात माझे घोरणे परत आले. मशीन लावूनसुद्धा. सकाळी डोके जड, पाय सुजलेले, दुपारी टेबलावर झापड. मशीन विकणाऱ्या दुकानातला माणूस, त्याला आम्ही मशीनवाला म्हणतो, घरी येऊन मास्क बदलून गेला. मास्कच्या कडेने हवा निसटत असेल म्हणून मी स्वतः आतून मऊ कापडाचे अस्तर शिवले. तोंड उघडे राहत असेल म्हणून हनुवटीला पट्टा केला, उतरती उशी केली. माझ्या हातची इतकी नेटकी कामे थोडी असतील आणि एकाचाही उपयोग झाला नाही. वहिनी आल्यागेल्यासमोर माझी नक्कल करायची. "एवढं मशीन आणलं आणि इंजिन चालूच!" लोक हसायचे. मीही हसायचे. थंडी गेली, उन्हाळा गेला, घोरणे काही गेले नाही.

शेवटी मशीनवाल्याने एका दुपारी मशीन टेबलावर घेतले आणि बटणे दाबून पाहिली.

"मावशी, हा दाब कोणी खाली आणला?"

"मला त्यातलं काय कळतं? तूच लावून दिलायस."

"मी लावलेला हा नाही. डॉक्टरांनी दिलाय त्याच्या निम्मासुद्धा नाही हा." त्याने तो परत वर नेला. काही दिवसांनी पुन्हा आला, पुन्हा पाहिले. दाब पुन्हा खाली. या वेळी त्याने उठून दार लोटले आणि हळू आवाजात म्हणाला, "हे आपोआप होत नाही. दोन बटणं एकदम दाबून धरावी लागतात, मग आकडा बदलायचा. कोणीतरी मुद्दाम करतंय. घरात कोण कोण असतं?"

तो गेल्यावर मी बराच वेळ त्या मशीनकडे बघत बसले. जागेपणी माझ्याशी वाकडे वागायची कोणाची टाप नव्हती. झोपलेल्या माणसाला मात्र काहीही करता येते. तो सकाळी उठून त्याच माणसाच्या हातचा चहा पितो.

घरात वावरणारे दोघेच, धाकटी आणि जेवायला वर येणारा पुतण्या. धाकटीला मोबाइलचा आवाज लहानमोठा करता येत नाही. पुतण्या सगळी यंत्रे खोलून जोडतो. शिवाय त्याच महिन्यात त्याने जागेचे एक गिऱ्हाईक चहाला घरी आणले होते आणि त्या गिऱ्हाइकाने माझ्या झोपायच्या खोलीत उभे राहून भिंत ठोकून पाहिली होती. मी खोलीचे कुलूप बदलले. ताटात काय वाढले आहे ते निरखायला लागले. रात्री मास्क लावायचा की नाही हेच मला कळेना. लावला तरी भीती, काढला तरी भीती.

शेवटी एका दुपारी जेवताना दोघांसमोर विचारले.

"माझ्या मशीनचा दाब कोणीतरी कमी करतंय. कोण?"

पुतण्याचा घास हातातच राहिला. "आत्या, तू मला विचारतेयस?"

"दोघांना विचारतेय."

"नाही. बघतेयस माझ्याकडे. म्हणून कुलूप बदललंस होय? मला वाटलं, किल्ली हरवली." तो ताट तसेच ठेवून उठला, हात धुतले आणि खाली गेला. त्यानंतर तो वर जेवायला येईनासा झाला. खाली समोरासमोर काम करायचो. कात्री दे, धागा दे, बस. धाकटी त्या दिवशी रिकामे ताट घासत राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गच्चीवर चादरी घडी करत होतो. चादरीचे एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. टोकाला टोक लावायला ती जवळ आली आणि म्हणाली, "मी केलं."

"काय केलंस?"

"मशीन. तो माणूस बटणं दाबताना मी बघितलं होतं. तू झोपलीस की मी आकडा खाली आणते."

चादर आम्ही दोघींनी तशीच धरून ठेवली होती.

"का गं?" मी म्हटले. "माझं काय चुकलं?"

"तू आवाज करत नव्हतीस." ती रडत नव्हती. हिशोब सांगावा तशी सांगत होती. "ते मशीन आलं आणि तू एकदम गप्प झालीस. मी अंधारात पडून राहायचे. वाटायचं, गेली. उठून नाकाशी हात धरावा, तर मास्कची हवा. ती तुझी का मशीनची, कसं कळणार? ताई, ते मशीन मेलेल्या माणसालाही हवा देत राहील. मग एकदा मी थोडासा कमी केला. तू घोरायला लागलीस आणि मला झोप लागली. दुसऱ्या दिवशी अजून थोडा."

"माझे पाय सुजले होते. तूच तेल लावत होतीस."

"हो," ती म्हणाली. "लावत होते."

मी चादर सोडून खाली कारखान्यात गेले आणि पुतण्याला सगळे सांगितले. तो सांगाड्यावर पट्टी ताणत होता. ऐकून घेतले, पट्टीचा दुसरा खिळा मारला आणि विचारले, "मग आता जेवायला येऊ?" एवढेच. त्याच्या बापाची हीच खोड होती, त्यामुळे मी तोंड फिरवून उभी राहिले.

मशीनवाल्याने दाब वर नेला आणि असे कुलूप घातले की त्याच्याशिवाय कोणाला उघडता येऊ नये. धाकटी बाहेरच्या खोलीत झोपायला तयार झाली, मी जाऊ दिली नाही. मला तिचा राग होता. तो बरेच दिवस टिकला. पण रागावूनसुद्धा तिला एकटे झोपवणे मला जमले नसते.

आता घोरणे थांबायला हवे होते. आठवडाभर थांबलेसे वाटले. मग मास्तर जिन्यात भेटले. या वेळी मालगाडी वगैरे काही नाही. काठी टेकून म्हणाले, "बाई, परत सुरू झालंय. आणि मधेच बंद पडतं ते ऐकून मीच उठून बसतो."

मी वर येऊन धाकटीकडे नुसते पाहिले. ती खाटेच्या कडेवर बसली होती.

"मी हात नाही लावला. मशीनवाल्याला विचार."

त्याला विचारले. त्याने तपासले. दाब जिथल्या तिथे, हवा कुठे निसटत नाही, सगळे ठीक. "कधीकधी थोडं राहतं घोरणं," तो म्हणाला. मलाही ते मानायला सोयीचे होते. धाकटी मात्र ऐकेना. माझ्या घोरण्यावर निजणारी ती, पण आता त्या आवाजाने तिची झोप उडाली होती.

"ताई, हा तो आवाज नाही. आधी तुझं कसं, भरून यायचं आणि सुटायचं. हे कशाला तरी घासून येतंय. आत काहीतरी आहे."

तिनेच हट्टाने मला मोठ्या दवाखान्यात नेले. गळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी नाकातून बारीक नळी घालून आत पाहिले आणि पडद्याचे तोंड आमच्याकडून दुसरीकडे वळवले. तेव्हाच मला कळले. जिभेच्या मुळाशी गाठ होती.

त्या आमच्यावर रागावल्या नाहीत, पण बोलल्या त्या स्पष्ट बोलल्या. "मशीन लावूनही घोरणं थांबत नाही, असं कळलं की आम्ही आधी घसा बघतो. तुम्ही इतके महिने का थांबलात?"

धाकटीने माझी पिशवी छातीशी धरली. मी म्हटले, "दुकानात काम फार होतं."

नंतर मी एकटी त्यांच्याकडे गेले आणि विचारले, तेव्हाच पाहिले असते तर? त्यांनी बराच विचार करून सांगितले, "सांगता येत नाही. तेव्हा गाठ होती का, हेच आज सांगता येणार नाही. असती तर फरक पडला असता. नसती तर नसता." मी म्हटले, "एवढं लिहून द्या." त्या म्हणाल्या, असे कोणी लिहून देत नाही. म्हणून ते मी माझ्या हाताने इथे लिहिले आहे.

मशीनची व्यवस्था अशी. ते दवाखान्याला परत द्यावे आणि ज्याला परवडत नाही त्याला मिळावे. देताना त्याच्या घरच्या माणसाला एकदा विचारावे की आवाज बंद झाल्यावर तुम्हाला झोप येईल ना.

कलम पाचवे : घर, शिल्लक, आणि एक अट.

राहते घर व बँकेतील सर्व शिल्लक धाकटीला द्यावी. घरात ती हयातभर राहील, तिच्यामागे ते पुतण्याचे. कारखान्याच्या उत्पन्नातून वहिनीला आजवर जी रक्कम महिन्याला मिळते ती पुढेही मिळावी.

अट ही की, या कुटुंबातील जो कोणी धाकटीला "तुझ्यामुळे झाले" असे म्हणेल, त्याला माझ्या मिळकतीतून मिळणारे जे काही असेल ते त्या दिवसापासून बंद व्हावे. हे तोंडाने म्हटले, कोणाकरवी कळवले, किंवा नुसते नजरेने म्हटले तरी म्हटलेच असे धरावे. वहिनीसाठी हे वेगळे लिहीत आहे, कारण गाठीची बातमी ऐकल्यावर तिने कारखान्याच्या दारात उभे राहून, कारागिरांना ऐकू जाईल अशा बेताने, "माया इतकी की जिवावर उठली" असे म्हटले होते. ते एकदा झाले, सोडून देते. पुढच्या वेळी सोडले जाणार नाही. म्हटले की नाही हे ठरवण्याचा अधिकार पुतण्याला आहे. आईविरुद्ध निर्णय देणे त्याला जड जाईल हे मला ठाऊक आहे. पण माझ्याकडे रागाने पाठ करून गेलेला तो एकटाच असा माणूस आहे की ज्याने नंतर एकदाही ते काढून दाखवले नाही. म्हणून त्याच्यावर सोपवते.

धाकटे, हे तुझ्यासमोर वाचले जाईल. मी तुला माफ केले असे लिहिणार नाही, तो शब्द कोर्टातला आहे. मला राग आला होता. त्या रागात मी एकदा तू वाढलेले ताट सरकवून उठले, ते तू विसरली नसशील. तो राग आता नाही. कधी गेला ते मला सांगता येणार नाही, बहुधा तू मला दवाखान्यात ओढत नेत होतीस त्या दिवशी, रिक्षात. तू पुढे वाकून चालकाला "हळू चालवा, तिला झोप लागलीय" असे म्हणत होतीस. मी जागी होते.

कलम सहावे : शस्त्रक्रियेनंतरची झोप.

डॉक्टरीणबाईंनी समजावले ते असे. गाठ काढताना गळ्याला पुढून भोक पाडून श्वासाची नळी बसवतील. हवा तिथूनच जाईल येईल, नाक आणि घसा वाटेत राहणार नाहीत. बोलणे राहील की जाईल ते नंतर कळेल. माझे वय, वजन आणि हृदयावर पडलेला ताण पाहता टेबलावरच काही झाले तर नवल नाही, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले.

धाकटीने एकच प्रश्न विचारला. "मग ती घोरणार नाही?"

"कधीच नाही," त्या आनंदाने म्हणाल्या. त्यांना वाटले, चांगली बातमी दिली.

म्हणजे मी आले तरी शांतता, नाही आले तरी शांतता. या गोष्टीची व्यवस्था वकिलांच्या कोणत्याच नमुन्यात नाही, म्हणून आम्ही दोघींनी आमच्या परीने केली. गेले काही दिवस दुपारी काम थांबवून मी खाटेवर आडवी होते. ती शेजारी बसते आणि माझ्या बरगड्यांवर हात ठेवते. पहिल्या दिवशी तिने हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"ताई, हे फार हळू आहे."

"हळूच असतं ते. आवाज मोठा होता, श्वास एवढाच होता."

"कळत नाही गं नीट."

"कळेल. डोळे मीट. कान देऊ नकोस, हात दे."

आता ती बराच वेळ हात ठेवू शकते. काल हात ठेवूनच तिला बसल्या जागी डुलकी लागली. तिचा हात जड झाला तरी मी हलले नाही.

माझी खाट व गादी धाकटीचीच. मी परत आले तर ती माझ्या खाटेला खाट लावून झोपेल. मी परत आले नाही तर तिने त्या खोलीत एकटीने झोपू नये. पुतण्याने वर राहायला यावे. तो घोरत नाही, ही त्याच्यातली उणीव आहे, पण तो झोपेत बडबडतो असे वहिनी सांगते. तेवढ्यावर भागवावे. आणि परत आल्यावर पुढे कधी अशी वेळ आली की हाताला काही लागले नाही, तर धाकटीने चहा करायला जाऊ नये, झाडलोट करू नये, मला उठवत बसू नये. हात तसाच ठेवून पुतण्याला हाक मारावी. तो येईपर्यंत मी कुठे जात नाही.

हे सर्व मी स्वतःच्या अक्षरात लिहिले, वाचून पाहिले आणि मान्य करून सही करते.

सही : लिहून देणारी

साक्षीदारांचा शेरा : आम्ही खाली सह्या करणारे लिहून देतो की वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली. लाभ मिळणाऱ्या व्यक्तीने सहीच्या वेळी जवळ नसावे असे वकिलांनी कळवले होते, म्हणून धाकट्या बहिणीस बाहेर बसवून दार लावले होते. वाचन चालू असताना बाहेरून "ताई, आहेस ना?" अशी विचारणा झाली. लिहून देणारीने "आहे" असे उत्तर दिले. सही करतेवेळी पुन्हा विचारणा झाली. तेव्हा लिहून देणारीने बोलण्याचा प्रयत्न केला, परंतु आवाज फुटला नाही. तिने पेनाने टेबलावर ठोकले. ते बाहेर ऐकू गेले नसावे, कारण तिसऱ्यांदा विचारणा झाली आणि तिचा सूर आम्हा दोघांनाही ऐकवला नाही. आम्ही दार उघडले. बहीण आत आली, लिहून देणारीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली आणि सही पूर्ण होईपर्यंत तिने तो काढला नाही. हे नियमाला सोडून असल्यास दोष आमचा धरावा, दोघींपैकी कोणाचाही नव्हे.

साक्षीदार : वरच्या मजल्यावरचे मास्तर (सही)
साक्षीदार : समोरचे चष्मेवाले (सही)

ठिकाण : कारखान्यावरचे राहते घर, झोपायची खोली
वार व वेळ : शनिवार, दुपार. शस्त्रक्रिया मंगळवारी.